फावडं तेच, विसावा वेगळा

गावाकडच्या पारावर पंजा लढवायची टूम निघाली की एक जोडी हमखास लावली जाते. एका बाजूला जिममध्ये दंड कमावलेला पोरगा, दुसऱ्या बाजूला पहाटे म्हशींच्या धारा काढून दिवसभर फावडं चालवणारा गडी. पोराचा दंड गड्याच्या दीडपट दिसतो, तरी जुनीजाणती माणसं गड्याच्या बाजूने उभी राहतात. कष्टाच्या हाताला रग असते, असं त्यांचं म्हणणं. पुष्कळदा ते खरंही ठरतं. पण तोच गडी रीतसर सराव केलेल्या खेळाडूसमोर स्पर्धेच्या टेबलाशी उभा राहिला, की बहुतेकदा काही क्षणांत त्याचं मनगट मागे मोडतं आणि हात गादीला टेकतो.

मग अंगमेहनतीचं काम पंज्याची ताकद वाढवतं, की खाऊन टाकतं? या प्रश्नावर खेळाडूंचे अनुभव आहेत, प्रयोगशाळेतली मोजमापं आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांचा अभ्यास आहे आणि कामगारांच्या आरोग्याचे आकडेही आहेत. ते शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्यावर मला जे दिसतं ते आधीच सांगतो. काम हाताला घडवतं. पण हाताची ताकद वाढते ती विसाव्यात, आणि बहुतेक कष्टकऱ्यांच्या वाट्याला काम येतं, विसावा येत नाही.

पंज्याला लागतं काय

पंजा म्हणजे दंडाचा खेळ, हा पहिला गैरसमज. स्पर्धेचं टेबल जमिनीपासून सुमारे ४० इंच उंच असतं. खेळाडू उभे राहून लढतात, मोकळ्या हाताने टेबलावरची खुंटी धरतात आणि कोपर गादीवरून उचललं की फाउल होतो. जोर बोटांपासून सुरू होतो. समोरच्याची बोटं उघडायची, आपलं मनगट आत वळवून ठेवायचं, कोपरापासून पुढचा हात पालथा किंवा उताणा फिरवायचा, कोपराचा कोन सुटू द्यायचा नाही आणि या सगळ्यामागे खांद्याचा, पाठीचा रेटा लावायचा. 'टॉपरोल' या डावात हात पालथा करत समोरच्याच्या बोटांवर चढतात आणि त्याचा हात स्वतःकडे ओढून मनगट उघडतात. 'हुक' या डावात मनगट आत वाकवून, हात उताणा फिरवून समोरच्याला आत खेचतात आणि मग दंड, छाती, पाठ यांच्या बळावर खाली नेतात.

बऱ्याच लढती काही सेकंदांत संपतात, काही मिनिटभर अडून राहतात. त्या वेळात हात जागचा फारसा हलत नाही. म्हणजे इथे हवा असतो तो एका ठरावीक कोनात, थोड्या वेळापुरता, पण अंगात आहे तेवढा सगळा जोर. कोणतंही काम पंज्याला उपयोगी आहे का, हे ठरवायची कसोटी हीच.

कष्टाच्या बाजूने

हातांच्या शस्त्रक्रियेवरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात १९९७ मध्ये आलेल्या अभ्यासात कचेरीत बसणारे, हलकी अंगमेहनत करणारे आणि जड अंगमेहनत करणारे अशा तीन गटांची पकड मोजली होती. जड काम करणाऱ्यांची पकड सर्वांत मजबूत निघाली, कचेरीतल्यांची सर्वांत कमजोर. डाव्या-उजव्या हातांतला फरकही जड काम करणाऱ्यांत सर्वांत कमी होता. दोन्ही हातांनी ओझं उचलणाऱ्याचा डावा हातही घडत जातो, असा याचा सरळ अर्थ.

दुसरा पुरावा काळाच्या ओघातून येतो. अमेरिकेत १९८५ मध्ये २० ते ३४ वयाच्या पुरुषांची उजव्या हाताची पकड सरासरी ११७ पौंड भरली होती. २०१६ च्या मोजणीत त्याच वयाचे पुरुष ९८ पौंडांवर आले. दुसऱ्या मोजणीत कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता, त्यामुळे दोन्ही आकडे एका तराजूत घालताना सावध राहायला हवं. तरीही हाताने करायची कामं कमी झाली आणि पकड सैल झाली, या तर्कात तथ्य आहे.

तिसरा पुरावा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो बायकांच्या कष्टाचा आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मध्य युरोपातल्या प्राचीन स्त्रियांची हाडं आजच्या स्त्रियांच्या हाडांशी ताडून पाहिली. नवाश्मयुगातल्या शेतकरी स्त्रियांच्या दंडाची हाडं, शरीराच्या मानाने, आजच्या तरबेज नौकानयनपटू मुलींपेक्षा ११ ते १६ टक्के भक्कम निघाली. त्या मुली आठवड्याला कितीतरी तास वल्ही मारत होत्या, तरी हजारो वर्षांपूर्वीची शेतकरीण पुढे होती. संशोधकांनी कारण सुचवलं ते आपल्या घरात चटकन कळेल असं आहे: दगडावर दगड पुढे-मागे घासत रोज तासन्‌तास दळलेलं धान्य. पहाटे उठून जात्यावर दळणाऱ्या, पाट्यावर वाटणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांच्या हातांची कधी मोजणी झाली नाही. पण गिरणी येण्याआधी घराघरांत किती बळ राबत होतं, याची कल्पना या आकड्यांवरून येते.

हाडाइतकीच महत्त्वाची असते कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. स्नायू काही आठवड्यांत वाढतो, कंडरेला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेच्या कंडरेचा गाभा तपासला. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बनच्या खुणांवरून त्यांनी दाखवलं की हा गाभा आयुष्याच्या पहिल्या साधारण १७ वर्षांत बनतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलपटूंच्या अभ्यासातही वाढत्या वयात फेकीने जाड झालेल्या हाडाचा बराचसा लाभ म्हातारपणापर्यंत टिकलेला दिसला. टाचेवरचं सगळं कोपराला जसंच्या तसं लावता येणार नाही. पण लहानपणापासून शेतात वावरलेल्या माणसाची हाडापेरं वेगळी का लागतात, याचा धागा इथे सापडतो.

यावरून कुणी पोरांना कामाला जुंपायचं समर्थन करू नये. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड पुरतं जुळलेलं नसतं, आणि पंजा लढवताना नेमका तोच तुकडा निखळल्याची उदाहरणं किशोरवयीन मुलांत नेहमी आढळतात. वाढत्या हाताला खेळ हवा, बदल हवा, पोटभर अन्न हवं. वीटभट्टीवर यांतलं काहीच मिळत नाही.

टेबलावरची माणसं

पंजा हा कष्टकऱ्यांचा खेळ आहे, ही प्रतिमा त्याच्या जन्मापासूनची. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात १९५२ मध्ये बिल सोबेरानेस या पत्रकाराने एका दारूच्या गुत्त्यात स्पर्धा भरवली आणि तिथून या खेळाला रीतसर रूप येत गेलं. १९८७ च्या 'ओव्हर द टॉप' या चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलोनने रंगवलेला नायक ट्रक ड्रायव्हर होता. त्या निमित्ताने १९८६ मध्ये लास वेगासला झालेल्या खऱ्याखुऱ्या स्पर्धेत ट्रक ड्रायव्हरांचा गट जिंकला तो जॉन ब्रझेंक यांनी. पुढे दशकानुदशकं, आपल्याहून कितीतरी जड खेळाडूंना हरवत ते या खेळातलं सर्वांत मोठं नाव बनले. त्यांची नोकरी होती विमानांच्या मेकॅनिकची. त्यांच्या आधीचा दबदबा क्लीव्ह डीन यांचा. जॉर्जिया राज्यातले हे धिप्पाड गृहस्थ डुकरं पाळणारे शेतकरी होते.

एवढ्यावर थांबलं तर उत्तर मिळालं असं वाटेल. पण याच टेबलावर दुसरी माणसंही आहेत. कॅनडाचे डेव्हन लॅरट सैन्याच्या विशेष दलात होते. २०२२ मध्ये दुबईत त्यांना ६-० ने हरवणारे जॉर्जिया देशाचे लेवान सागिनाश्विली ओळखले जातात ते अचाट वजनांच्या पद्धतशीर सरावासाठी. जर्मनीचे माथियास श्लिटे यांचा उजवा हात जन्मजात विकारामुळे डाव्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. मिनेसोटाचे जेफ डेब यांचे पंजे उपजतच राक्षसी आकाराचे. पंज्याची लांबी, मनगटाचा घेर, कोपरापासून हाताची लांबी यांतलं बरंचसं जन्मतःच ठरतं. पकडीच्या ताकदीत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असावा, असं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं.

इथे एक फसवी जागा आहे. जड कामाला मुळात दणकट माणसंच जातात आणि त्यांतही जी टिकतात तीच मोजणीच्या दिवशी कामावर सापडतात. कंबर धरली, खांदा गेला, म्हणून घरी बसलेला माणूस त्या आकड्यांत येत नाही. म्हणून 'कामाने माणूस ताकदवान झाला' आणि 'ताकदवान होता म्हणून कामावर टिकला' या दोन गोष्टी वेगळ्या काढणं अवघड जातं. पारावर जिंकणाऱ्या गड्याच्या मागे किती हरलेले गडी आहेत, हे पारावर दिसत नाही.

कष्टाच्या विरुद्ध

आता दुसरी बाजू. एलवूड हेनमन या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलेला नियम असा की शरीर स्नायूंचे तंतू लहानांपासून मोठ्यांकडे, गरजेप्रमाणे कामाला लावतं. हलक्या ओझ्याला लहान तंतूंवर भागतं. सर्वांत बलवान तंतू हाक ऐकतात ते जोर कमालीचा लागतो तेव्हा, किंवा बाकीचे थकून जातात तेव्हा. दिवसात हजार वेळा उचललेलं घमेलं माणसाला चिवट बनवतं. पण पंज्यात लागणारे ते बलवान तंतू त्यात फारसे जागे होत नाहीत. शिवाय घमेल्याचं वजन पहिल्या दिवशी जेवढं तेवढंच दहा वर्षांनीही असतं. ओझं वाढत गेलं नाही की शरीर पहिल्या काही महिन्यांत त्याला सरावतं आणि तिथेच थांबतं.

त्यात दमछाकीचा प्रश्न. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये दहा आठवड्यांचा प्रयोग केला. एका गटाने फक्त ताकदीचा सराव केला, एकाने फक्त दमश्वासाचा, तिसऱ्याने दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सात आठवडे वाढत गेली आणि मग चढायची थांबून घसरू लागली. दिवसभर राबून संध्याकाळी पंज्याचा सराव करणारा तरुण याच तिसऱ्या गटात बसतो.

दीर्घकाळाचा हिशोब तर अधिक कडवट आहे. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरच्या पुरुषांवरचा २०१६ चा अभ्यास सांगतो की आयुष्यभर जड काम केलेल्यांची पकड निवृत्तीच्या वयात इतरांपेक्षा कमजोर होती. तरुणपणी जो हात सर्वांत मजबूत, तोच म्हातारपणी मागे पडतो. २०१८ मध्ये जवळजवळ दोन लाख लोकांचे आकडे एकत्र करणाऱ्या आढाव्यात दिसलं की कामावर खूप अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त आहे. फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्यांत मात्र ते नेहमी कमी आढळतं.

शरीराची हालचाल तीच, मग एकीकडे अमृत आणि दुसरीकडे विष कसं? डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमन यांनी या कोड्याची कारणं मांडली आहेत. व्यायाम थोडा वेळ आणि जोराचा असतो. काम हलकं पण तासन्‌तास चालणारं असतं. व्यायामानंतर नाडी खाली येते. कामात ती दिवसभर चढलेली राहते. ओझं धरून राहिल्याने रक्तदाब चढलेला राहतो, सूज ओसरायला वेळ मिळत नाही. आणि मुख्य म्हणजे कधी थांबायचं हे व्यायाम करणारा स्वतः ठरवतो. कामगाराचं दुसरा कुणी ठरवतो.

काम-कामात फरक

'अंगमेहनत' हा एकच शब्द फार वेगवेगळ्या कामांवर पांघरूण घालतो. मेकॅनिकचं काम पंज्याला सर्वांत जवळचं. उजव्या हाताने स्क्रू आवळताना हात उताणा फिरतो, सैल करताना पालथा. हुक आणि टॉपरोल या दोन्हींचं बीज त्यात आहे. गंजलेला नट सोडवताना पान्यावर जो जोर लागतो तोही खरा कमाल जोर असतो, काही सेकंदांचा, आणि मग हाताला उसंत मिळते. लोहाराच्या घणाने मनगट आणि खांदा घडतात. धार काढताना अंगठ्यापासून एकेक बोट क्रमाने मिटतं, दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं. बोटांना याहून चांगली शिस्त लावणारी कामं थोडीच. गवंड्याच्या हाताखालचा मजूर साधारण तीन किलोची वीट चिमटीत धरून फेकतो-झेलतो, त्याने अंगठा तयार होतो.

हमालाचं बळ मात्र वेगळ्या जागी जातं. माथाडी या नावातच माथा आहे. पोतं पाठीवर किंवा डोक्यावर आलं की भार मान, कंबर, गुडघे यांच्यावर जातो. बोटं फक्त पोत्याचं टोक सावरतात. असा माणूस बैलासारखा भक्कम असेल, पण पंज्यात त्याचं मनगट कच्चं निघू शकतं. ऊसतोड मजुराचा कोयता हलका असतो. कोयत्याचे वार दिवसात हजारोंनी होतात आणि त्यानंतर मोळ्या वाहून गाडी भरायची असते. त्यात उरते ती दमछाक आणि कोपराची कायमची ठणक. रस्ता फोडायच्या ब्रेकर मशिनवर काम करणाऱ्याचं तर नुकसानच. त्या थरथरीने वर्षांमागून वर्षं बोटांतल्या नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात, बोटं बधिर आणि पांढरी पडतात, पकड सुटते.

हौद्यातली माती

आता आपल्या तालमीकडे वळू, कारण या सगळ्या आकड्यांचं सार तिथे रोज सकाळी पाहायला मिळतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत हौद्यातली लाल माती तेल, ताक, लिंबू, हळद घालून मुरवलेली असते आणि ती वरचेवर फावड्याने खणून, उलटीपालटी करून मऊ ठेवावी लागते. हे काम पैलवानच करतात. ते मजुरीसारखंच अंगमेहनतीचं काम. पण तालमीत त्याची गणना व्यायामात होते, आणि ती बरोबर आहे. त्याने पकड, पाठ, खांदे घडतात.

मग रस्त्याच्या कामावर तेच फावडं चालवणारा मजूर पैलवान का होत नाही? तालमीत खणून झाल्यावर जोर-बैठका आणि लढती होतात, मालिश होते, थंडाई, बदाम, दूध, तूप असा खुराक मिळतो आणि दुपारी गाढ झोप. कुणाचा खांदा धरलाय, कुणाला आज सुट्टी द्यायची, हे वस्तादाची नजर हेरते. रस्त्यावर मुकादमाची नजर असते ती काम किती उरलं याच्यावर. दोघांच्या हातातलं फावडं एकच आहे. फरक पडतो तो फावडं खाली ठेवल्यावर काय मिळतं यात.

काम करणाऱ्या खेळाडूने काय करावं

आता हा प्रश्न आपल्या तरुणांच्या जवळ आला आहे. परवीन दबास आणि प्रीती झंगियानी या अभिनेत्यांनी २०२० मध्ये सुरू केलेल्या प्रो पंजा लीगचा पहिला हंगाम २०२३ मध्ये दिल्लीत झाला, त्यात मुंबईच्या नावाचाही संघ होता. पंज्याला मैदान लागत नाही, महागडं साहित्य लागत नाही, वजनगट असल्यामुळे अंगाने लहान माणसालाही जागा आहे. गॅरेजमधला, बाजार समितीतला, बांधकामावरचा पोरगा या खेळाकडे वळणार, वळायलाही हवा.

त्याने लक्षात ठेवावं की हाताची भरपूर मेहनत आधीच झालेली आहे; अजून शेकडो वेळा हलकं वजन उचलून काही साधणार नाही. आठवड्यातून दोन दिवस, शक्यतो कामाला सुट्टी असेल तेव्हा, मनगट आणि पालथा-उताणा हात यांचा थोडाच पण खरोखर जड सराव करावा, मध्ये भरपूर थांबावं आणि ओझं महिन्यामागून महिना थोडं थोडं वाढवावं. कामात मूठ सतत मिटलेली राहते, म्हणून बोटं उघडण्याचा आणि मनगट मागे नेण्याचा व्यायाम जोडावा. दिवसभर राबून आल्यावर संध्याकाळी पैजा लावून सगळा जोर पणाला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला ठणका बसला की थांबावं. आणि लढताना छाती आणि नजर हाताच्या बाजूलाच ठेवावी. अंग एकीकडे आणि हात दुसरीकडे पिळला गेला की दंडाचं हाड पिळवटून मोडू शकतं. ही या खेळातली ओळखीची आणि सर्वांत भयंकर दुखापत आहे. ताकदवान नवख्यांनाही ती गाठू शकते.

कचेरीत बसणाऱ्यानेही यातून शिकावं. त्याचा दंड तीन महिन्यांत फुगेल, पण कंडरा आणि हाडं तेवढ्यात तयार होणार नाहीत. कष्टकऱ्याला जे वर्षानुवर्षांत मिळालं, ते त्याने एका उन्हाळ्यात मागू नये.

म्हणजे पारावरच्या जुन्याजाणत्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कष्टाने हात घडतो: हाडं भरतात, कंडरा पक्की होते, बोटं चिवट होतात. पण त्या घडलेल्या हाताचं बळात रूपांतर व्हायला दूध लागतं, झोप लागते, विसाव्याचा दिवस लागतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच सांगितलं होतं की एका पुरुषाला वाहायला लावायचं ओझं ५५ किलोंच्या वर जात असेल तर ते कमी करण्याचे उपाय व्हावेत. महाराष्ट्राने तर १९६९ मध्ये माथाडी आणि हमालांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या गड्याच्या मनगटाचं कौतुक करणाऱ्यांनी त्याच्या पगारी सुट्टीसाठी, त्याच्या पोत्याच्या वजनासाठीही त्याच्याच बाजूने उभं राहायला हवं. नाहीतर आज पारावर जिंकणारा तो हात साठीला आल्यावर पाण्याची कळशी धरतानाही थरथरेल.